रंभाबाईचं बोलावणं

१

आमच्या गल्लीत दिवसभर पॉवरलूमची खटखट चालते. लाइट गेली की सगळे लूम एकदम थांबतात आणि मग लोकांच्या लक्षात येतं, की आपण किती ओरडून बोलत होतो. मी त्यातला नाही. मी हळू बोलतो, थांबून थांबून. दापोऱ्याची मथुराबाई, माझ्या बायकोची गाण्यातली जोडीदारीण, मला तोंडावर म्हणायची, "लोटूभाऊचं बोलणं म्हंजे सेल उतरलेला टेप."

माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. कॅसेटी बंद पडल्या तेव्हा पुतण्या श्रीकांतनं त्याचं मोबाइलचं दुकान माझ्या शेजारच्या गाळ्यात आणलं, मधली प्लायवूडची भिंत काढली आणि दोन दुकानं एक केली. आता लोक मोबाइलचं कार्ड घेऊन येतात, गाणी भरून नेतात. नखाएवढं कार्ड. हातातून पडलं तर केरसुणीनं शोधावं लागतं.

श्रीकांतनं जुन्या बाजारातून एक कॉम्प्युटर आणला. त्याचा रंगीत चित्रांचा पडदा लवकरच गेला. चालू केला की नुसता काळा पडदा आणि एक पांढरी रेघ लुकलुकत राहते. त्यानं मला तेवढ्यापुरतं शिकवलं. एल एस लिहून बटण दाबलं की आत काय काय आहे त्याची नावं उतरतात, पुढं आकार लिहिला तर आकारही दिसतो. सी पी म्हणजे नक्कल. इथंही राहतं, तिथंही जातं. एम व्ही म्हणजे हलवणं. तिथं जातं, इथं राहत नाही. आर एम म्हणजे पुसणं, त्याला हात लावू नका. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण इंग्रजी अक्षरं रेडिओच्या बटणांवरून ओळखीची होती. मला ते काम आवडायला लागलं. त्यात बोलावं लागत नाही.

श्रावण जवळ आला होता. कानबाई देवीचे दिवस आले की आसपासच्या बायका गाणी भरायला येतात, आणि सगळ्यात जास्त मागतात ते माझ्या रंभाबाईचं बोलावणं. कानबाईला घरात बोलवायचं गाणं. रंभाला जाऊन बरीच वर्षं झाली. ते गाणं मीच भरलेलं होतं, आमच्या मधल्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून.

त्या दिवशी एका बाईच्या कार्डावर मी ते गाणं टाकलं. कॅसेट भरली की सुरुवात आणि शेवट ऐकून बघायची माझी जुनी सवय. इथं ऐकायला वेळ नसतो, म्हणून मी दोन्हीकडची यादी उतरवून आकार ताडून बघतो. कार्डावरचा आकडा मोठा होता.

मी पुन्हा नक्कल केली. आता तो त्याहून मोठा होता.

"श्रीकांत," मी म्हटलं, "हे गाणं तिकडं गेलं की वाढतं."

तो एका मोबाइलची काच बदलत होता. मान वर न करता म्हणाला, "काका, कॉपी आहे ती. पीठ आहे का फुगायला? चष्मा बदला."

बाई हसली. मीही हसलो. संध्याकाळी नेते म्हणून कार्ड ठेवून ती बाजारात गेली.

२

दुपारी लाइट गेली. लूम थांबले. आमच्या दुकानाला बॅटरी आहे म्हणून कॉम्प्युटर चालू राहिला. श्रीकांत जेवायला घरी गेला होता. मी कानाला हेडफोन लावला आणि त्या बाईच्या कार्डावरची वाढलेली नक्कल वाजवली.

"ये वं माय ये, दार उघाडं शे, पाट मांडेल शे, दिवा लायेल शे..."

रंभाचा आवाज जाडसर होता. वरच्या पट्टीत गेला की किंचित फाटायचा, आणि तो फाटला की ती स्वतःशीच हसायची. ते हसूही त्यात आहे. गाण्याच्या शेवटी ती मला विचारते, "झालं का हो?" आणि मग खट्. मी टेप बंद केल्याचा आवाज. तिथं गाणं संपतं.

त्या नकलेत खट् आलं नाही.

"झालं का हो?" च्या पुढं खोली तशीच चालू राहिली. टेपची सळसळ. लांब कुठं तरी भांडं ठेवल्यासारखं. मग पावलं. अनवाणी, सावकाश. टाच आधी, मग पंजा. कोणी तरी मागच्या दारातून आत आलं होतं. मग टक्.

मी हेडफोन काढला.

ते टक् माझ्या ओळखीचं होतं. मधल्या खोलीत शिरलं की डाव्या हाताला एक फरशी पोकळ बसली आहे. पाय पडला की वाजते. गवंड्याला मी तेव्हा दोन शब्द सुनावलेसुद्धा होते. पण ती फरशी मी रंभा गेल्यावर बसवली. गाणं भरलं तेव्हा तिथं शेणानं सारवलेली जमीन होती.

मी स्वतःला समजावलं. हेडफोन जुना आहे, बाहेरचा आवाज आत येत असेल. पण बाहेर लाइट नव्हती. मला शेजारच्या मांजराचं खाजवणं ऐकू येत होतं. मी उठून मधल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. खोली रिकामी. फरशी कोरडी.

आणखी एक गोष्ट होती आणि ती मला खाली बसल्यावर कळली. रंभाच्या पायात शेवटपर्यंत जोडवी होती. ती चालली की बारीक वाजायची. ह्या पावलांना जोडव्यांचा आवाज नव्हता.

३

मला खरं काय ते कॅसेटवरून कळलं असतं. मूळ कॅसेट माझ्या पेटीत होती. मी पेटी उघडली तर आत मोबाइलची रिकामी खोकी.

श्रीकांत आला. मी विचारलं, "पेटीतल्या कॅसेटी?"

"त्या? दिवाळीत भंगारवाल्याला दिल्या ना. तुम्हाला सांगितलं होतं की."

"नाही सांगितलं."

"सांगितलं होतं, काका. तुम्ही हां म्हणालात." मग माझ्याकडं बघून तो जरा नरमला. "काकूचं गाणं आहे की कॉम्प्युटरमध्ये. मी आधी भरून घेतलं. कॅसेटपेक्षा साफ येतं."

"दुसरी बाजू भरलीस?"

"दुसऱ्या बाजूला काय होतं?"

मी पेटीचं झाकण आपटलं. दुसऱ्या बाजूला पाठवणी होती. कानबाई श्रावणातल्या रविवारी येते आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर नेतात. बोलावणं म्हटलं की पाठवणी म्हणावीच लागते. रंभानं एक गाणं भरून दुसरं भरलं नसतं. मी म्हटलं होतं, आज गळा बसलाय, उद्या करू. तिनं ऐकलं नव्हतं. गरम पाणी पिऊन तिनं कॅसेट उलटायला लावली होती.

"काका, पाठवणी कोणी मागत नाही," श्रीकांत म्हणाला. "बोलावणं तर लोक रिंगटोन लावतात. दहा जणींनी रिंगटोन लावलीय. पाठवणी कोण लावणार?"

"तुझ्या बापाचं गाणं होतं का ते?" मी म्हटलं. हळूच म्हटलं. मला ओरडता येत नाही. त्यामुळं ते जास्त लागलं असावं. तो दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला.

तेवढ्यात मथुराबाई आली. दापोऱ्याच्या बसमधून उतरून तशीच, डोक्यावर पदर, हातात पिशवी. तिनं पिशवीतून मोबाइल काढून माझ्या पुढ्यात आपटला.

"हे काढून टाका, लोटूभाऊ."

"काय झालं?"

"तुमच्या घरात सध्या कोण राहतं?"

"मी एकटा."

"मंग गाणं सरल्यावर तुमच्या घरात कोण फिरतं?" ती म्हणाली. "मी म्हटलं, मह्या कानाचं काही बिघडलं. सुनेला ऐकवलं. ते पोरगी आता मोबाइलला हात लावत नाही."

पायरीवरून श्रीकांत म्हणाला, "मावशी, तुमचा मोबाइल चायनाचा आहे."

"आन् तू कुठला हायेस रे? बोलावणं भरतो आन् पाठवणी भंगारात देतो! पाव्हण्याला दारात बोलवावं आन् निरोपाचं तोंड बांधावं, हे तुले कोण्या शाळेत शिकवलं?"

मी तिला विचारलं, "मथुराबाई, कानबाई असंल का?"

"कानबाई चोरपावलानं येत नाही," ती म्हणाली. "तिले वाजतगाजत आणा लागते. दार उघडं दिसलं म्हंजे कोणी बी येतं."

मी पाठवणीचे शब्द विचारले. ते गाणं रंभाच्या माहेरचं, तिच्या आईकडून आलेलं. मथुराबाई आणि बाकीच्या मागं उभ्या राहून फक्त शेवटचे शब्द धरायच्या. "जाय वं माय, जाय." तिला तेवढंच येत होतं. मी चाळीस वर्षं ते गाणं दुसऱ्या खोलीतून ऐकलं. माझ्या डोक्यात चाल होती आणि शब्दांच्या जागी रंभाचा फाटका आवाज होता.

४

श्रीकांत वाईट नाही. तो दोन दिवस भंगारवाल्यांच्या मागं फिरला. त्यातल्या एकानं त्याला सांगितलं, कॅसेटीचं प्लास्टिक कधीच वितळून गेलं. मग त्यानं मला न विचारता दुसरंच केलं. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क कुरकुरत होती, कधीही बसली असती. काकूचा आवाज जाऊ नये म्हणून त्यानं नवी डिस्क आणली आणि सगळं फोल्डर तिकडं उतरवलं. आणि राहू दे म्हणून तिसऱ्या जागीही एक नक्कल ठेवली. मला खूश करायला त्यानं यादी उतरवून दाखवली. रंभाचं नाव तीनदा.

तीन आकडे तीन वेगळे. शेवटचा सगळ्यात मोठा.

"हे कसं काय?" तो म्हणाला, आणि ह्या वेळी तो हसला नाही.

आम्ही दोघांनी हेडफोनची एकेक बाजू कानाला लावून ती शेवटची नक्कल ऐकली. बोलावणं झालं. "झालं का हो?" झालं. मागचं दार, पावलं, टक्. पावलं पुढं आली. मधली खोली ओलांडून स्वयंपाकघरात गेली. पितळी हंड्यावरचं झाकण उचलल्याचा आवाज आला. पाणी पिण्याचा आवाज आला, घटाघटा, खूप वेळ, कोणी लांबून उन्हातून आल्यासारखं. मग झाकण परत ठेवल्याचा आवाज नाही.

श्रीकांतचा चेहरा उतरला. "कुणी तरी मस्करी करतंय," तो म्हणाला. "मिक्सिंग करता येतं, काका."

मी आत गेलो. हंड्यावरचं झाकण स्वयंपाकाच्या ओट्यावर उताणं पडलं होतं. हंडा सकाळी मी भरला होता. तो अर्धा होता.

मला भीती वाटली हे खरं. पण जे वर आलं तो राग होता. तो हंडा रंभाच्या माहेरचा. आजारपणात उठता येत नव्हतं तरी ती त्या हंड्याला दुसऱ्या कोणाला चिंच लावू देत नव्हती. मी रिकाम्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणालो, "हे तुझं घर नाही. तुला कोणी बोलावलं नाही." म्हणालो आणि माझं मलाच कळलं, की ते खोटं आहे. जी कोणी आली होती तिला रंभाच्या तोंडून आम्हीच रोज बोलावत होतो. दुकानात, एस.टी.त, केळीच्या बागेत, नदीपलीकडं जैनाबादला, जिथं जिथं कोणाचा मोबाइल वाजत होता तिथून. दार उघडं आहे, पाट मांडला आहे.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी श्रीकांतला बाहेर पाठवलं. ज्यांना गाणं दिलं त्यांच्याकडून ते काढून घे म्हटलं. तो मुकाट्यानं गेला.

मी काळ्या पडद्यासमोर बसलो. लूम चालू होते. मी गाणं एकदा लावलं, सगळ्यात जुनी नक्कल, आणि डोळे मिटून ऐकलं. ती फाटली तिथं फाटली. हसली तिथं हसली. "झालं का हो?" म्हणाली. मी तिथंच बंद केलं.

"झालं," मी म्हटलं.

तो आवाज गेल्यावर माझ्याकडं तिचं काय राहणार होतं? एक फोटो, त्यात तिचे डोळे मिटलेले आहेत. दोन लुगडी. तिचा आवाज ही तिची एकच जिवंत वस्तू होती आणि ती माझ्या हातानं मारायची होती. मी शिव्या देत नाही, पण त्या दिवशी दिल्या. मग एकेक अक्षर बघून लिहिलं. आर एम. पुढं तिचं नाव. बटण दाबलं. दुसऱ्या जागी गेलो, पुन्हा. तिसऱ्या जागी, पुन्हा. मग एल एस. तिन्हीकडं बाकी सगळी गाणी होती. रंभाचं नाव नव्हतं.

मी तसाच बसलो. लाइट गेली. लूम थांबले.

आतून गाणं ऐकू आलं.

"ये वं माय ये..."

हेडफोन टेबलावर होता. मी स्पीकरची वायर ओढून काढली. गाणं चालू होतं. मागच्या बाजूनं, स्वयंपाकघरातून येत होतं. टेपची सळसळ त्यात नव्हती. एखादी बाई काम करता करता गाते तसं, मध्येच श्वास घेऊन.

पडद्यावर मी लिहिलेलं अजून दिसत होतं. आर एम, आर एम, आर एम. मी नीट वाचलं. मी पुसलंच होतं, हलवलं नव्हतं. तरी ते इथून गेलं होतं आणि तिथं पोचलं होतं.

६

श्रीकांत परत आला तेव्हाही ते चालूच होतं. त्यानं दारातच ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. पोरगं आठवडाभर तोंड लपवून फिरत होतं.

"काका! कॅसेट सापडली? काकूच आहे ना ही? केवढं साफ..."

मी मान हलवून नाही म्हणत होतो. माझ्या तोंडातून शब्द निघायला वेळ लागतो. तोवर तो चपला काढून मधल्या खोलीत शिरला होता. टक्.

स्वयंपाकघराच्या दाराला पडदा आहे. तो जमिनीपर्यंत पोचत नाही. मी श्रीकांतच्या मागं धावलो तेव्हा मला पडद्याखाली दोन पावलं दिसली. पडद्याला अगदी लागून, आमच्याकडं तोंड करून उभी. गाणं मात्र खूप आतून येत होतं, चुलीच्या कोपऱ्यातून. पावलं गोरी होती, कोरडी होती, आणि बोटांवर जोडव्यांचा वळ नव्हता. तसा वळ जात नाही. मी रंभाला शेवटची आंघोळ घालताना तो पाहिला आहे.

श्रीकांतचा हात पडद्यावर होता.

मी त्याच्या कानाखाली मारली. त्याला लहानपणीही मी कधी हात लावला नव्हता. "चल बाहेर!" मी ओरडलो, आणि तो आवाज माझा आहे हे दोघांनाही कळायला क्षण लागला. त्याची कॉलर धरून मी त्याला दुकानातून थेट बाहेरच्या ओट्यावर आणलं. तो गालावर हात धरून माझ्याकडं बघत राहिला.

"काकू नाही?" त्यानं विचारलं.

"नाही."

आत गाणं संपलं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तिला तेवढंच येत होतं. यायचं गाणं येत होतं, जायचं आम्ही तिच्यापर्यंत पोचवलंच नव्हतं.

७

तेव्हापासून मी ओट्यावर राहतो. दुकान बंद आहे. श्रीकांत डबा आणतो आणि माझ्या शेजारी बसतो. तो मला सारखं म्हणतो, आमच्याकडं चला. मी म्हणतो, घर माझं आहे.

मथुराबाई येते. आम्ही दोघं पाठवणी जुळवत बसायचो. गल्लीतली माणसं हसायची, म्हातारा-म्हातारी गाण्याला बसली म्हणून. तिला शेवट येत होता, मला चाल येत होती. काल दुपारी लाइट गेली आणि त्या शांततेत मला पहिली ओळ आठवली. पूर्णच्या पूर्ण आठवली. मी दाराकडं तोंड करून ती म्हटली, जमेल तशी.

"दिन उगना, नदी वाट देखस..."

मथुराबाईनं शेवट धरला. "जाय वं माय, जाय."

आतलं गाणं थांबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थांबलं. श्रीकांतनं माझा दंड धरला. आम्हाला वाटलं, जमलं.

मग आतून दुसरी ओळ आली. जी मला आठवत नव्हती ती. रंभाच्या आवाजात, फाटायचं तिथं फाटून. ऐकल्याबरोबर मला ओळखू आली. हीच होती ती.

"उंबरा सोड, मांगे नको देखू..."

आणि शेवट तिनं वेगळा केला.

"जाय रे धनी, जाय."

मथुराबाईनं पदर तोंडाला लावला. "रंभा तुमाले अरे म्हणत नव्हती," ती म्हणाली. "कधीच नाही."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

ती आता तेच गाते. बोलावणं बंद झालं. काल संध्याकाळी, आज सकाळी, आज दुपारी. फार गोड गाते, रंभापेक्षा गोड. मथुराबाई म्हणते कानात बोळे घाला. श्रीकांत म्हणतो रिक्षा आणतो. मी दोघांना सांगितलं, मी हलणार नाही. बायकोचा आवाज घेतला, हंडा घेतला, घर घेतलं, आता मला नदीवर धाडते. मी नाही जात. मी ओट्यावर भिंतीला पाठ लावून, मांडी घालून बसतो.

गाणं थांबलं की डोळे उघडतो. मांडी मोडलेली असते आणि पाय खाली गल्लीत असतात, नदीकडं तोंड करून.